थोरात साहेबांचा नकाशा आणि आपली सोयीची आठवण

दर वर्षी २० ऑक्टोबर जवळ आला की आपल्या कोल्हापूर भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. "वडगावच्या जनरल थोरातांचं ऐकलं असतं तर १९६२ चा पराभव झालाच नसता." खाली तिरंगा, हात जोडलेले, आणि नेहरूंना चार शिव्या. यंदाही आला. चार वेगवेगळ्या ग्रुपवर, एकाच फोटोसकट.

मेसेज खोटा नाही. पण अर्धाच आहे, आणि जो अर्धा गाळलाय तोच जास्त अवघड आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. सैन्यात नाव एस. पी. पी. थोरात. जन्म १९०६ चा, आपल्या वडगावचा. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला शिकून १९२६ साली कमिशन घेतलं. त्या काळात सँडहर्स्टला वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच हिंदी पोरं जायची. परत आल्यावरही त्यांना हव्या त्या पलटणीत घेत नसत. ठरावीक काही पलटणी 'हिंदीकरणा'साठी बाजूला काढल्या होत्या, हेतू हा की गोऱ्या अधिकाऱ्यांवर काळ्या साहेबाच्या हाताखाली काम करायची वेळ येऊ नये. थोरात अशाच एका पलटणीत गेले, १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये. तिथेच दोनेक वर्षांनी एक पठाण पोरगा आला, त्याचं नाव अयूब खान. हो, तोच. एकाच मेसमध्ये जेवलेल्या दोघांपैकी एक पुढे पाकिस्तानचा हुकूमशहा झाला आणि दुसरा आपल्या पूर्व कमांडचा सेनापती. फाळणीने काय काय तोडलं याचा हिशेब कधी कधी अशा मेसच्या टेबलावरच कळतो.

पहिली मोठी कामगिरी जानेवारी १९४५ ची. ब्रह्मदेशात आराकान किनाऱ्यावर कांगाव नावाचं गाव आहे. जपानी सैन्याचा माघारीचा रस्ता तिथून जात होता आणि तो तोडायचा होता. तिथे लढायला आलेल्या ५१ व्या ब्रिगेडचं वैशिष्ट्य असं की तिच्या तिन्ही बटालियन हिंदी होत्या आणि तिन्हींचे कमांडिंग ऑफिसरही हिंदी होते. इंग्रजांच्या मनात शंका होतीच की ऐन लढाईत हे लोक टिकतील का. तिघांची नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत : थिमय्या, थोरात, आणि एल. पी. सेन. थोरातांच्या २/२ पंजाबने २९ जानेवारीला 'मेलरोज' असं टोपणनाव दिलेल्या टेकडीवर चाल करून ती घेतली. अगदी हातघाईची लढाई झाली, माणसंही बरीच पडली. तिघांनाही डीएसओ हे पदक मिळालं. शंका संपली.

मध्ये आठ-नऊ वर्षं सोडतो आणि कोरियावर येतो, कारण माणूस कसा होता ते तिथे दिसतं.

१९५३ साली कोरियाचं युद्ध थांबलं. पण मायदेशी परत जायचं नाही म्हणणारे सुमारे २२,६०० चिनी आणि उत्तर कोरियन कैदी अमेरिकेच्या बाजूकडे होते. यांना सांभाळायचं कोणी? दोन्ही बाजूंना चालेल असा देश म्हणून भारत पुढे आला. सुमारे सहा हजारांची 'कस्टोडियन फोर्स' गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात. वरच्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. म्हणजे कांगावची जोडी पुन्हा एकत्र. दक्षिण कोरियाचा अध्यक्ष सिंगमन री याने जाहीर केलं की भारतीय सैनिकांचा पाय आमच्या भूमीला लागता कामा नये. मग काय, बंदरातल्या जहाजांवरून आपल्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. तिथल्या आपल्या वसाहतीचं नाव 'हिंद नगर'.

सप्टेंबरात एके दिवशी चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाच्या आत ओढून धरून ठेवलं. आत शेकडो कैदी चवताळलेले. बाहेर आपले जवान बंदुका रोखून. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर मेजर तर गेलाच असता, वर कैद्यांचा खच पडला असता आणि जगभर भारताच्या तटस्थतेची अब्रू निघाली असती. थोरात निःशस्त्र आत गेले. गराडा पडला, आरडाओरडा सुरू झाला. त्यांनी स्वतः सांगितलेला किस्सा असा की, चिनी लोक पाहुणचारासाठी प्रसिद्ध असं ऐकून होतो आणि तुम्ही तर साधा चहा-सिगारेटही विचारत नाही, असं ते त्या जमावाला म्हणाले. लोक हसले. सिगारेट आली, चहा आला, लोक खाली बसले, बोलणं सुरू झालं आणि मेजर सुटला. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र, वर्ग दोन, मिळालं. आज त्यालाच आपण कीर्ती चक्र म्हणतो.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला. पुढच्या गोष्टीतला हा माणूस भित्रा होता, लढाई टाळणारा होता, असं कुणाला वाटू नये म्हणून.

आता नेफा.

१९५७ मध्ये थोरात पूर्व कमांडचे प्रमुख झाले. तेव्हा या कमांडचं मुख्यालय लखनौला होतं, कोलकात्याला ते नंतर गेलं. मार्च १९५९ अखेर दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात आले. २५ ऑगस्टला लाँगजूच्या ठाण्यावर चिन्यांशी गोळीबार झाला. तोपर्यंत ही सगळी सरहद्द सैन्याकडे नव्हतीच. आसाम रायफल्सची तुरळक ठाणी आणि त्यांचा कारभार परराष्ट्र खात्याकडे. लाँगजूनंतर ती सैन्याकडे सोपवायचं ठरलं, आणि हातात काय दिलं? पंजाबच्या सपाट मैदानावर पाकिस्तानशी लढायला तयार केलेली चौथी डिव्हिजन, तीही पुरी नाही, आणि समोर जवळपास ३६० मैलांची डोंगराळ सरहद्द. रस्ते नाहीत. काही ठिकाणी पायथ्यापासून ठाण्यापर्यंत पोचायला आठवडे लागायचे.

थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये या सगळ्याचा अभ्यास करून एक योजना लिहून दिल्लीला पाठवली. मग १७ मार्च १९६० ला लखनौत 'लाल किला' नावाचा एक सराव घेतला. यात सैन्य हलवत नाहीत. नकाशे आणि वाळूचे नमुने मांडून शत्रू असा आला तर आपण काय करायचं, हे सगळे मोठे अधिकारी मिळून तपासतात. सरसेनापती थिमय्या जातीने हजर होते.

योजनेचा गाभा काय होता ते नीट बघा, कारण फिरणाऱ्या मेसेजमध्ये नेमकं तेच नसतं.

थोरातांचं म्हणणं होतं की आज आपल्याकडे आहे त्या बळावर मॅकमहोन रेषेवर लढता येणार नाही. रेषेवरची ठाणी ही फक्त घंटेची दोरी समजा. शत्रू आला की घंटा वाजेल, थोडा प्रतिकार करायचा, जमेल तितका उशीर करायचा आणि मागे यायचं. खरी लढाई बरीच मागे, आपल्याला रसद पोचवता येईल आणि चिन्यांची रसद ताणली जाईल अशा जागी द्यायची. ती मुख्य रेषा त्यांनी आखली : पश्चिमेला बोमडिला, मग झिरो, दापोरिजो, अलाँग, तेजू अशी. वर जादा सैन्य, रस्ते, दारूगोळा यांची मागणी. ही मागणी पुरी झाली नाही तर कुठली ठाणी किती दिवसांत पडतील, याचाही अंदाज त्यात होता. पुढे प्रत्यक्ष युद्धात तो बऱ्याच अंशी खरा ठरला, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय.

बोमडिला ही मुख्य रेषा म्हणजे काय? याचा अर्थ तवांग मागे सोडायचं.

इथे थांबा आणि विचार करा. तवांग म्हणजे नुसता नकाशावरचा ठिपका नव्हे. सहाव्या दलाई लामांचं जन्मस्थान, मोठा मठ, आणि १९५१ मध्ये मेजर बॉब खाथिंग तिथे पोचले तेव्हा कुठे आपला कारभार सुरू झालेला. संसदेत तेव्हा वातावरण होतं ते 'एक इंचही जमीन देणार नाही' असं. चीनबरोबरच्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका सप्टेंबर १९५९ मध्ये नुकतीच सभागृहात आलेली, विरोधक नेहरूंना सोलून काढत होते. अशा वेळी एका सेनापतीने म्हणायचं की युद्ध झालं तर तवांग सुरुवातीला जाईल, जाऊ द्या, आपण साठ-सत्तर मैल मागे लढू!

खरं सांगा. तेव्हा आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप असतं, तर थोरातांबद्दल काय मेसेज फिरला असता?

थिमय्यांनी ही योजना संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासमोर ठेवली. मेनन यांनी ती घाबरट आणि अनावश्यक ठरवली. चीनला आपण मुत्सद्देगिरीने रोखू, असा त्यांना भरवसा होता. योजना पंतप्रधानांपर्यंत गेलीच नाही. हे सगळं आपल्याला प्रामुख्याने थोरातांच्याच लिखाणातून माहीत आहे, १९८६ मध्ये आलेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्रातून, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मेनन १९७४ मध्येच वारले होते, त्यांना उत्तर द्यायला संधी नव्हती. पण योजना होती आणि लखनौचा सराव झाला होता, याबद्दल वाद नाही.

१९६१ च्या मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारने जनरल प्राणनाथ थापर यांना नेमलं. इथे आपल्याकडे नेहमी म्हणतात, मराठी माणूस म्हणून डावललं. मला हे पटत नाही. थापर थोरातांपेक्षा ज्येष्ठ होते. ज्येष्ठतेच्या नियमाने बघितलं तर नेमणूक रीतसर होती. डावललं असेल तर ते मराठी म्हणून नव्हे, थिमय्यांचा माणूस म्हणून आणि नको ते तोंडावर सांगणारा म्हणून. १९५९ मध्ये मेनन यांच्याशी खटके उडून थिमय्यांनी राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या सांगण्यावरून परत घेतला होता. तेव्हापासून सैन्यात दोन तट पडल्यासारखं झालं होतं. थोरात कुठल्या बाजूचे, हे सगळ्यांना माहीत होतं. तेही निवृत्त झाले.

पूर्व कमांड मिळाली कुणाला? एल. पी. सेन यांना. कांगावचे तिसरे. एकाच टेकडीच्या परिसरात लढून एकच पदक घेतलेले तिघे. ऑक्टोबर १९६२ ला त्यातले दोघे घरी आणि तिसरा नेमका त्या जागेवर. सेन काही ऐरेगैरे नव्हते. १९४७ मध्ये श्रीनगर वाचवणाऱ्या लढाईत ब्रिगेडचे प्रमुख तेच होते. पण १९६१ च्या नोव्हेंबरात दिल्लीने 'फॉरवर्ड पॉलिसी' ठरवली होती. जमेल तितकं पुढे जा, ठाणी लावा, चिनी गोळी चालवणार नाहीत. थोरातांच्या योजनेच्या बरोबर उलट. ज्या ठाण्यांना ते घंटेची दोरी म्हणत होते, त्यांनाच आता भिंत समजायचं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, थोडक्यात सांगतो. १२ ऑक्टोबरला नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं की चिन्यांना हुसकावण्याचे आदेश दिलेत. २० ला पहाटे नामका चू ओढ्यावर हल्ला झाला आणि ब्रिगेडियर दळवींची सातवी ब्रिगेड काही तासांत संपली. सुती कपडे, कॅनव्हासचे बूट, कमरेच्या पाऊचमध्ये मावतील तेवढी काडतुसं. दळवी स्वतः कैद झाले. २५ तारखेला चिनी तवांगमध्ये होते.

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. तवांग गेल्यावर आपल्या वरिष्ठांपुढे प्रश्न आला की पुढची फळी कुठे लावायची, सेला खिंडीत की बोमडिलाला? हाच प्रश्न लखनौत अडीच वर्षांपूर्वी वाळूच्या नमुन्यावर सोडवून झाला होता. आता तो ऐन पळापळीत, उलटसुलट हुकमांत नव्याने सुरू झाला. आधी मागे जा, मग नाही, सेलाच धरा. सेला सुमारे साडेतेरा हजार फुटांवर. जागा भक्कम होती पण मागचा रस्ता एकच, तो तोडला की सगळं अडकलं. १७ नोव्हेंबरला चिन्यांनी तेच केलं. सेला गेलं, पाठोपाठ १८-१९ ला बोमडिलाही गेलं. बोमडिला, जिथे थोरातांनी मुख्य लढाई द्यायची म्हटलं होतं, तिथे प्रत्यक्षात लढायला पुरेशी माणसंच उरली नव्हती, सैन्य तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलं होतं. युद्धात सुमारे चार हजार भारतीय सैनिक चिन्यांचे कैदी झाले.

मेनन गेले, थापरांनी राजीनामा दिला. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण सगळे शाळेपासून ऐकतोय. त्याच दिवसांत नेहरूंनी राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली, त्यात थिमय्या आणि थोरात दोघांना घेतलं. थोरातांना नेहरूंनी बोलावूनही घेतलं. योजनेची माहिती घेतल्यावर त्यांनी विचारलं, हे मला त्या वेळी का दाखवलं गेलं नाही? थोरातांनी उत्तर दिलं की हे मेनन यांनाच विचारावं लागेल.

थोरातांच्या पुस्तकातला हा प्रसंग लोक नेहरूंना झोडपायला वापरतात. मला तो वाचताना वेगळंच वाटतं. ज्या माणसाला तीन वर्षं कुणी विचारलं नाही, त्याला पंतप्रधान विचारताहेत की आधी का नाही सांगितलंस. काय वाटलं असेल?

आता माझं मत सांगतो, न पटलं तर खुशाल वाद घाला. 'थोरातांचं ऐकलं असतं तर जिंकलो असतो' असं मी म्हणणार नाही. त्यांची योजना जादा सैन्य, रस्ते आणि दारूगोळा गृहीत धरून होती. ते न देता नुसती रेषा मागे आणली असती तर बोमडिलाचं काय झालं असतं, कोण सांगणार? फार तर इतकं म्हणता येतं की नामका चूच्या खड्ड्यात ती ब्रिगेड अशी मारली गेली नसती, आणि सैन्य एकजूट राहून आपल्या सोयीच्या जागी लढलं असतं. हेही कमी नाही. हजारो घरांसाठी तर मुळीच कमी नाही.

पण योजना अडली ती फक्त मेनन यांच्या घमेंडीमुळे नाही. ती आपल्यामुळेही अडली असती. कुठली जमीन सोडावी लागेल हे आधी सांगणारा सेनापती लोकांना नको असतो. संसदेला नको होता, वर्तमानपत्रांना नको होता. आज ग्रुपवर थोरातांचा फोटो लावणारे आपण, उद्या एखाद्या जनरलने टीव्हीवर सांगितलं की अमुक ठिकाण आपल्याला सुरुवातीला राखता येणार नाही, तर संध्याकाळपर्यंत त्याला देशद्रोही ठरवू. थोरात आवडतात कारण त्यांचं बरोबर ठरलं हे आपल्याला आता माहीत आहे.

हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी १९६३ मध्ये या पराभवाचा अहवाल दिला. सरकारने तो आजतागायत अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. या काळात काँग्रेस आली, जनता आली, भाजप आला, कुणीच नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्यातला काही भाग इंटरनेटवर टाकला, तेवढाच काय तो. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी खरं तर हा अहवाल मागायला हवा.

थोरात साहेब निवृत्तीनंतर महाराष्ट्रात परतले, राज्य लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष राहिले, आणि १९९२ च्या ऑगस्टमध्ये गेले.

एक विनंती आहे. आपल्या भागातले बरेच जण त्या काळात सैन्यात होते. कुणाच्या घरी आजोबांची, काकांची त्या दोन महिन्यांतली पत्रं असतील, नेफातून परत आल्यावर त्यांनी काही सांगितलेलं आठवत असेल, तर खाली कॉमेंटमध्ये लिहा किंवा मला मेसेज करा. फोटो काढताना पत्राची मागची बाजूही घ्या, पोस्टाचा शिक्का आणि तारीख बऱ्याचदा तिथेच असते.